पणजोबांना ते घर का मिळाले?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून)

लीड्सजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. माहेर विदर्भातले, यॉर्कशरच्या एका इंग्रज गृहस्थांशी लग्न होऊन बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी सासरे वारले. त्यांचे कपाट आवरताना १९१३ सालचे एका वकिलाचे पत्र हाती लागले. हॅलिफॅक्सजवळच्या एका गावातील अविवाहित वृद्धा त्या वर्षी वारली असून तिने मृत्युपत्रान्वये आपले एक घर आणि ३०० पौंड पतीच्या पणजोबांना दिले आहेत, असे त्यात लिहिले होते. पणजोबा तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि गिरणीत ओव्हरलुकर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. या बाईंशी काही नाते असल्याचे घरात कोणालाही ठाऊक नाही. गावच्या दफनभूमीतील दगडावर बाईंचे वय ७४ कोरलेले आहे. पणजोबा हे त्यांचेच लपवलेले मूल असणार, अशी वाचक भगिनींची जवळजवळ खात्री झाली आहे. त्यांच्या मुलीला डीएनए चाचणी करायची आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आतेसासूबाईंकडे विषय काढला, तेव्हा "गेलेल्यांना स्वस्थ पडू द्या" एवढेच बोलून त्या उठून आत गेल्या. त्यावर, त्यांच्या चहाच्या कपावरूनच नमुना घेऊ, असे मुलीने सुचवले. त्यातच वारस शोधून देणाऱ्या एका कंपनीचे पत्र आले की कुटुंबाच्या हक्काची रक्कम कुठेतरी पडून असू शकते. वाचक भगिनी विचारतात: शोध घ्यावा का, कसा घ्यावा, सून म्हणून मला तो अधिकार आहे का, आणि त्या बाईंच्या उरलेल्या मालमत्तेवर आमचा काही हक्क पोचतो का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एकच वाक्य तीन ठिकाणी आले आहे: "उगाच कोण कुणाला घर देईल?" तुमचा सगळा तर्क या वाक्यावर उभा असल्यामुळे आधी तेच तपासून पाहू. मालमत्ता रक्ताच्या वाटेने जाते, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडलेले आहे की ते गृहीत आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. वडिलोपार्जित जमीन, सहहिस्सेदारांचा जन्मसिद्ध हक्क, सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे मारलेल्या खेपा, या वातावरणात वाढलेल्या माणसाला परक्याच्या नावे केलेले घर दिसले की त्यामागे काहीतरी दडलेले असणार, असेच वाटते. इंग्लंडमध्ये मात्र निदान दोन शतके कायदा याच्या उलट दिशेने चालत होता. मालमत्ता स्वतः मिळवलेली असो वा आईबापांकडून आलेली, ती मृत्युपत्राने वाटेल त्याला देण्याची तिथे जवळजवळ पूर्ण मोकळीक होती. बायकोमुलांना वगळले तर त्यांना न्यायालयात दाद मागता येईल, अशी तरतूद थेट १९३८ च्या कायद्याने झाली आणि ती पुढच्या वर्षी अमलात आली. तेव्हा १९१३ साली त्या बाईंनी सख्ख्या पुतण्याला डावलून एका गिरणी मुकादमाला घर दिले असले, तरी त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते आणि कारण लिहून ठेवण्याचे बंधनही नव्हते.

त्यातही त्या अविवाहित होत्या, हे विसरू नका. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून आपल्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याची खरी मुभा १८८२ च्या कायद्यानंतर मिळाली, पण अविवाहित स्त्रीला आणि विधवेला ती आधीपासूनच होती. म्हणूनच त्या काळच्या इंग्रजी मृत्युपत्रांत अशा बायकांची मृत्युपत्रे पुष्कळ आढळतात. चांदीचे चमचे भाचीला, पिसांची गादी मोलकरणीला, पाच पौंड चॅपेलला (प्रार्थनामंदिराला), अशी त्यांतली वाटणी असते आणि तिच्यावरून त्या बाईंचे रोजचे जग बऱ्यापैकी उभे राहते. घर मिळालेला माणूस धर्मपुत्र, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाईंनी ज्याचे पालकत्व पत्करले असा मुलगा, असू शकतो, जुन्या मोलकरणीचा मुलगा असू शकतो, शेवटच्या आजारपणात कोळसा भरून देणारा शेजारी असू शकतो, किंवा त्याच घरात वर्षानुवर्षे राहणारा भाडेकरू असू शकतो. माझा कौल विचारलात तर लपवलेल्या मुलापेक्षा मी भाडेकरूच्या बाजूने झुकेन. ही अटकळ आहे, पण ती पडताळून पाहता येते, आणि कशी ते पुढे सांगते.

तुमचा संशय मी उडवून लावत नाही. विवाहबाह्य संततीला त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात आईचीही वारस म्हणून स्थान नव्हते. आईने मृत्युपत्र न करता प्राण सोडला तर मुलाच्या हाती काही पडत नसे. आईकडून मिळणारा मर्यादित वारसाहक्क १९२७ पासून आला आणि आईबापांच्या वारशात बरोबरी १९६९ च्या कायद्याने, १ जानेवारी १९७० पासून आली. त्याआधी मृत्युपत्रात नुसते "माझी मुले" असे लिहिले तर त्याचा अर्थ औरस मुले असाच लावला जाई. त्यामुळे अशा मुलाला काही द्यायचे असेल तर नाते न सांगता त्याचे नाव, गाव आणि धंदा लिहून देणे हाच सरळ मार्ग होता. थोडक्यात, नाते नसलेल्या माणसाचा उल्लेख जसा होईल तसाच लपवलेल्या मुलाचाही होईल, आणि वकिलाचे ते पत्र दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते.

आता थोडे गणित. दगडावरचे वय खरे धरले तर बाईंचा जन्म १८३८-३९ च्या सुमाराचा आणि पणजोबांचा १८८०-८१ चा. म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळी बाई एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांच्या होत्या. हे अशक्य नाही, पण लपवलेल्या बाळंतपणाच्या गोष्टीतली नायिका आपल्या डोळ्यांसमोर नेहमी अठरा-वीस वर्षांची असते, आणि ही तशी नव्हती. घराण्यातले काही लपवायचेच असेल तर पणजोबा हे बाईंच्या एखाद्या धाकट्या भावाचे किंवा पुतण्याचे मूल असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि तसे असेल तर शोधाची दिशाच बदलते. पणजोबांना घर का मिळाले हे विचारण्याआधी बाईंना ते कुठून मिळाले, हे विचारायला हवे. भावाने मरताना बहिणीच्या नावे घर करावे आणि ते पुढे कोणाला जावे हे तिला तोंडी सांगून ठेवावे, असे घडत असे. मृत्युपत्र सिद्ध झाले, म्हणजे त्याला प्रोबेट मिळाले, की ते कोणालाही वाचायला खुले होते, आणि म्हणून इंग्रजांनी गुप्त विश्वस्तव्यवस्थेचा मार्ग काढला. १९२९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आलेला ब्लॅकवेल विरुद्ध ब्लॅकवेल हा खटला याचेच उदाहरण आहे. मृताने पाच जणांच्या हवाली १२,००० पौंड केले होते आणि त्यांचे काय करायचे हे त्यांना तोंडी सांगितले होते. ते पैसे एका स्त्रीसाठी आणि तिच्यापासून झालेल्या त्याच्या मुलासाठी होते. पत्नी आणि औरस मुलगा न्यायालयात गेले आणि हरले.

आता शोध कसा घ्यावा ते पाहू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत जशी घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे एका जागी सापडतात, तशी वही इंग्लंडमध्ये नाही. तिथे घराण्याची नोंद होत नाही, घटनेची होते: जन्म, लग्न, मृत्यू, शिरगणती, मृत्युपत्र, खरेदीखत. प्रत्येक नोंद वेगळ्या कचेरीत असते आणि त्यांची सांगड आपणच घालायची असते. सांगड घालताना मनाला आवडलेली कथा फार लवकर आत शिरते, हे मी या सदराच्या निमित्ताने पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वांत आधी मूळ मृत्युपत्राची नक्कल मागवा. तुमच्याकडे वकिलाचे पत्र आहे, मृत्युपत्र नाही, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १२ जानेवारी १८५८ पासून इंग्लंड आणि वेल्समधील मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांऐवजी सरकारी कचेरीत सिद्ध होऊ लागली, आणि त्यांची वर्षवार सूची आता सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सूचीत बाईंचे नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, मालमत्तेची किंमत आणि व्यवस्थापकांची नावे मिळतील. मृत्युपत्र शुल्क भरून मागवता येते. ते आले की पणजोबांच्या नावाची ओळ शोधून थांबू नका, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचा. त्यांच्या नावाआधी "माझा मित्र", "माझा धर्मपुत्र" किंवा "सध्या माझ्या घरात राहणारा" असे काही आहे का? इतरांना काय मिळाले? सगळे वाटून उरेल ते कोणाला, हे सांगणारे कलम कोणाच्या बाजूचे आहे? पुष्कळदा खरा जवळचा माणूस त्या कलमात असतो. घर मूळ मृत्युपत्रातच दिले आहे की मागाहून जोडलेल्या पुरवणीत, हेही बघा, कारण मृत्यूच्या थोडे आधी जोडलेली पुरवणी बहुधा शेवटच्या दिवसांतल्या सेवेची परतफेड असते. साक्षीदारांची नावेही टिपून घ्या. १८३७ च्या कायद्यानुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला मृत्युपत्रातून लाभ घेता येत नाही, त्यामुळे ज्यांना काही मिळायचे नव्हते पण ज्यांचा घरात वावर होता, अशी माणसे तिथे सापडतात.

त्यानंतर बाईंचे वडील आणि भाऊ यांची मृत्युपत्रे पाहा. त्यांपैकी कोणी १९०३ पर्यंत वारले असतील तर लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मृत्युकराच्या नोंदवह्या आहेत. इतका उपयोगी आणि इतका दुर्लक्षित कागद दुसरा नसेल. हा कर वारसाच्या नात्यावर ठरत असे: एकोणिसाव्या शतकात बराच काळ मुलांना शेकडा १, भावा-बहिणींना शेकडा ३ आणि रक्ताचे नाते नसलेल्यांना शेकडा १० असा दर होता. विवाहबाह्य संततीची गणना कायद्याने परक्यांतच होई. कर वसूल करायचा असल्यामुळे कारकून प्रत्येक लाभार्थ्यापुढे त्याचे मृताशी नाते लिहून ठेवी, आणि मृत्युपत्र जे सांगत नाही ते कधी कधी या रकान्यात सापडते.

पणजोबांच्या बाजूने त्यांचा जन्मदाखला मागवा. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्माची सरकारी नोंद होते, आणि महानिबंधक कार्यालयाच्या सूचीत आईचे माहेरचे आडनावही दिलेले असते. ती जागा रिकामी असेल तर मूल बहुधा अविवाहित आईचे असते. १८७५ पासून अशा मुलाच्या दाखल्यावर बापाचे नाव लागायचे तर त्याने स्वतः हजर राहून आईबरोबर सही करणे आवश्यक होते, त्यामुळे तुम्हाला पणजोबांच्या दाखल्यावर बापाचा रकाना कोरा दिसू शकेल. मधले नावही पाहा. त्या काळी अशा मुलाला बापाचे आडनाव मधले नाव म्हणून देण्याची चाल होती. पण या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती आधीच सांगून ठेवते. मूल गुपचूप दुसऱ्या जोडप्याच्या हाती दिले आणि त्यांनी ते आपलेच म्हणून नोंदवले, तर दाखला अगदी निर्दोष दिसतो. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२७ साली लागू झाला. त्याआधी मूल नुसते एका घरातून दुसऱ्या घरात जाई.

ही उणीव काही अंशी शिरगणतीने भरून निघते. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या शिरगणतीत माणसांची नावे आहेत आणि त्या नोंदी शंभर वर्षांनी खुल्या होतात; १९२१ ची शिरगणती २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १८८१ पासूनच्या प्रत्येक शिरगणतीत पणजोबा आणि त्या बाई कुठे राहत होत्या, त्यांच्या घरांत किती अंतर होते, हे एका कागदावर मांडा. १९११ ची शिरगणती तर तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या अक्षरातले मूळ तक्ते त्या वर्षापासून जपून ठेवलेले आहेत, आणि विवाहित स्त्रियांना एकूण किती मुले झाली, किती हयात आहेत आणि किती गेली, हे त्यांत विचारले होते. पणजोबांची कागदोपत्री आई तेव्हा हयात आणि सधवा असेल, तर तिने सांगितलेला आकडा आणि तुम्हाला सापडलेली मुले यांचा मेळ बसतो का ते पाहा. एक मूल जास्त निघाले तर विचार करण्याजोगे आहे, मात्र नवऱ्याने घाईत चुकीचा आकडा टाकल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत.

भाडेकरूचा माझा अंदाज पडताळायला आणखी एक जागा आहे. १९१० च्या अर्थविषयक कायद्यानुसार सरकारने देशभरातील घरांची आणि जमिनींची पाहणी केली. १९१५ पर्यंत चाललेल्या या पाहणीच्या वह्या आणि नकाशे क्यू इथे आहेत. त्यांत त्या घराचा मालक कोण, राहणारा कोण, भाडे किती, खोल्या किती, हे सारे सापडू शकते. राहणाऱ्याच्या जागी पणजोबांचेच नाव निघाले तर तुमचे कोडे अर्धे सुटले म्हणून समजा. शिवाय घर यॉर्कशरच्या पश्चिम भागात, वेस्ट रायडिंगमध्ये आहे, हे तुमचे नशीब. इंग्लंडच्या बहुतेक भागांत जुन्या खरेदीखतांची सार्वजनिक नोंदच नसे आणि मालकीची सक्तीची नोंदणी सर्वत्र लागू व्हायला १ डिसेंबर १९९० उजाडला. वेस्ट रायडिंगची खतनोंदणी कचेरी मात्र १७०४ पासून होती. तिचे दप्तर वेकफील्डला आहे, त्याला नावांच्या सूची आहेत, आणि घर बाईंकडे कसे आले व पणजोबांनी पुढे त्याचे काय केले, हे तिथे लागण्याची चांगली शक्यता आहे. लीड्सहून वेकफील्ड काही लांब नाही. एखादा दिवस काढून जाऊन या. जाण्याआधी जागा राखून ठेवायला विसरू नका.

स्थानिक वर्तमानपत्रेही चाळा. त्या काळची इंग्रजी गावठी पत्रे अंत्ययात्रेला कोण कोण होते ते क्रमाने छापत आणि फुलांची चक्रे कोणी वाहिली तेही सांगत. पणजोबांचे नाव नातलगांबरोबर आहे, चॅपेलच्या मंडळींबरोबर आहे, की अजिबात नाही, यावरून बराच बोध होईल.

आता मुलीच्या चाचणीविषयी. आजी-आजोबांपैकी प्रत्येकाकडून माणसाला सरासरी पाव वाटा डीएनए मिळतो, पणजोबांकडून आठवा आणि खापरपणजोबांकडून सोळावा. तुमच्या पतीचे पणजोबा हे मुलीचे खापरपणजोबा, पण आतेसासूबाईंचे ते सख्खे आजोबा आहेत. म्हणजे ज्यांची चाचणी सर्वांत उपयोगी ठरेल त्या नेमक्या चाचणीच्या विरोधात आहेत, आणि जिला उत्साह आहे तिच्या नमुन्यातून सर्वांत कमी हाती लागेल. शिवाय तुलना करायची ती बाईंच्या भावंडांच्या वंशजांशी, आणि तुमचा संशय खरा असला तरी आतेसासूबाईंच्या पिढीतले वंशज त्यांना तिसऱ्या फळीतले चुलत-मावस भावंड लागतील. अशा दहांपैकी साधारण एका जोडीत मोजता येईल असा एकही समान धागा सापडत नाही. चाचणी जुळली नाही म्हणून नाते नाही, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. आणि एकदा नमुना दिला की तो अर्धा तुमच्या माहेरचाही असतो, हे मुलीला आवर्जून सांगा. विदर्भातल्या तुमच्या भावंडांनी कशालाही होकार दिलेला नाही.

चहाच्या कपाची कल्पना तर आजच डोक्यातून काढून टाका. संमतीशिवाय डीएनए तपासण्याच्या हेतूने दुसऱ्याचा नमुना जवळ बाळगणे हा २००४ च्या मानवी ऊतक कायद्यानुसार ब्रिटनमध्ये गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी गमतीने बोलली असेल. पण कायदा नसता, तरी ज्यांच्या घरी आपण चहा प्यायला जातो त्यांच्याशी असे वागायचे नसते.

आतेसासूबाईंना सारे माहीत आहे आणि त्या लपवत आहेत, हे तुम्ही धरून चालला आहात. मला ते तितकेसे पटत नाही. त्यांचा जन्म १९४० च्या आसपासचा. त्यांच्या तरुणपणी लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना इंग्लंडमध्ये माता-बाल आश्रमांत पाठवले जाई आणि त्यांची मुले दत्तक दिली जात. १९४९ ते १९७६ या काळात अशी सुमारे १,८५,००० मुले आईपासून वेगळी झाली, असा अंदाज ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्क समितीने २०२२ च्या अहवालात दिला आहे. त्या पिढीच्या बाईला "तुमचे आजोबा अनौरस होते का" हा इतिहासाचा प्रश्न वाटत नाही. तो त्यांच्या माणसांवरचा आरोप वाटतो, आणि कदाचित दुसऱ्याच कोणाची आठवण जागी करतो, जिच्याशी १९१३ च्या घराचा काही संबंध नसेल. तेव्हा हा प्रश्न त्यांना पुन्हा विचारू नका. त्याऐवजी काही दिवसांनी, पतीला बरोबर घेऊन, जुने फोटो दाखवायला जा आणि साध्या गोष्टी विचारा: त्या घरात स्वयंपाकघर कुठे होते, आजोबा रविवारी कोणत्या चॅपेलला जात, त्या बाईंचा विषय निघाला तर आजोबा त्यांना काय म्हणत. "मिस" म्हणत की "आंटी", की नुसत्या नावाने, एवढे जरी आठवले तरी पाच दाखल्यांइतके मोल त्याला आहे. नाही बोलल्या तर तो विषय तिथेच सोडा.

सुनेचा अधिकार या मुद्द्यावर तुम्ही पत्रात बरेच लिहिले आहे, पण मला त्यात फारसा पेच दिसत नाही. मृत्युपत्रे, दाखले, शिरगणती हे सगळे सार्वजनिक कागद आहेत आणि ते पाहणाऱ्याला तू या घराची कोण, असे कोणी विचारत नाही. पाहण्याचा अधिकार तुम्हाला पूर्ण आहे. सापडलेले कोणाला, केव्हा आणि किती सांगायचे, हे मात्र तुमच्या पतीने ठरवावे, कारण ती माणसे त्यांची आहेत. तुमचे पती उदासीन आहेत असे तुम्ही लिहिता. नुकतेच वडील गेलेल्या माणसाची उदासीनता काही महिने तरी गृहीत धरायची नसते. मृत्युपत्राची नक्कल मागवण्याआधी त्यांना एकदा स्पष्ट विचारा, आणि काही अनपेक्षित निघाले तर ते आधी आपल्या दोघांतच राहील, असे ठरवून घ्या. महाजालावरच्या वंशवृक्षात अंदाज चढवण्याची घाई मुलीला करू देऊ नका. एकाने चढवलेला अंदाज दुसरे दहा जण आपापल्या वृक्षात उतरवून घेतात आणि वर्षभरात तोच पुरावा म्हणून तुमच्यासमोर येतो.

हक्काचे उत्तर छोटे आहे: काहीही हक्क पोचत नाही. बाईंनी मृत्युपत्र केले होते, ते सिद्ध झाले आणि मालमत्ता वाटली गेली. पणजोबा त्यांचे पुत्र ठरले तरी शंभराहून अधिक वर्षांनी त्यात बदल होत नाही. बेवारस मालमत्ता ही वेगळी गोष्ट आहे. ज्याने मृत्युपत्र केले नाही आणि ज्याचे नातलग सापडले नाहीत त्याची मालमत्ता इंग्लंडमध्ये राजसत्तेकडे जाते, आणि अशा मृतांची यादी सरकार २०२५ पर्यंत स्वतः विनामूल्य प्रसिद्ध करत होते. अशा मालमत्तेवरचा दावा साधारण १२ वर्षांच्या आत करायचा असतो. त्यानंतर ३० वर्षांपर्यंत तो सरकारच्या मर्जीवर असतो. न्यायालयात कुठेतरी आपल्या घराण्याचे घबाड अडकून पडले आहे, हा भ्रम मात्र फार जुना आहे. सफकमधील ॲक्टन इथले अतिश्रीमंत विल्यम जेनन्स १७९८ साली मृत्युपत्रावर सही न करताच वारले, आणि त्यांच्या संपत्तीसाठी लांबलांबच्या जेनन्स आडनावाच्या लोकांनी पुढे शंभरएक वर्षे वकिलांची घरे भरली. तुम्हाला आलेल्या पत्रात मृताचे नाव नाही, वर्ष नाही, रक्कम नाही. असे पत्र ढिगाने पाठवले जाते. आगाऊ पैसे, बँकेचा तपशील किंवा टक्केवारीच्या करारावर सही, यांपैकी काहीही देऊ नका. खरा वारस शोधणारा निदान कोण वारले एवढे तरी सूचित करतो.

अशाच कोड्यात असलेल्या इतर वाचकांसाठी एक सांगायला हवे. यॉर्कशर सोडून इतरत्र खतनोंदणी मिळेलच असे नाही, तिथे पाहणीच्या वह्यांवर आणि वकिलांच्या जुन्या दप्तरांवर भिस्त ठेवावी लागते. बंद पडलेल्या कचेऱ्यांची दप्तरे पुष्कळदा जिल्ह्याच्या अभिलेखागारात जमा झालेली असतात. आणि ज्यांच्या इंग्रज सासर-आजोळच्या माणसांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली होती, त्यांना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळतील. मुंबई, मद्रास आणि बंगाल यांच्या मालिका वेगवेगळ्या आहेत आणि त्या अठराव्या शतकापर्यंत मागे जातात.

तुम्ही मृत्युपत्राची नक्कल मागवाच. ती आली की उरलेल्या मालमत्तेचे कलम, पुरवणी असल्यास तिची तारीख आणि दोन्ही साक्षीदारांचा धंदा मला कळवा. वेकफील्डला आधी जायचे की क्यूला, ते त्यावरून ठरवता येईल.